सात गुणांपुरती कला

दहावीच्या गुणपत्रिकेत चित्रकलेचे स्थान काय, हे महाराष्ट्रात आज आकड्यांनी सांगता येते. शासकीय इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत 'अ' श्रेणी मिळविणाऱ्यास ७, 'ब' श्रेणीस ५ व 'क' श्रेणीस ३ वाढीव गुण मिळतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन अशा या परीक्षेच्या कसोट्या आहेत. त्यांनी हाताला आणि नजरेला वळण लागते, याविषयी वाद नाही. प्रश्न वेगळाच आहे. शासन कलेला गुण देते. पण ती शिकविण्यासाठी शिक्षक देते काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला, तोही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेपुरता. पाड्यावरची, वाडीवरची शाळा मुळातच या तरतुदीबाहेर राहिली. नववी-दहावीत 'स्वविकास व कलारसास्वाद' हा विषय आला. परंतु त्याची श्रेणी शाळेने द्यायची आणि टक्केवारीशी तिचा संबंध नाही. ज्या विषयाचे ओझे टक्केवारीवर पडत नाही, त्याची तासिका गणिताच्या सरावासाठी वर्ग होते, हे प्रत्येक मुख्याध्यापक जाणतो.

अशा स्थितीत वाढीव गुण कोणाच्या पदरात पडतात, हे सांगावयास नको. ज्या शाळेला कलाशिक्षक लाभला आहे, किंवा ज्या पालकाला खासगी वर्गाची फी व रंगपेटीचा खर्च झेपतो, त्याच्या पाल्याच्या. हंगामात आईबापांबरोबर घर सोडणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला ही परीक्षा असते, एवढेही कदाचित कळत नाही. जे शिकविलेच नाही त्याचे बक्षीस वाटणे, आणि त्या वाटपाला गुणवत्ता म्हणणे, ही ऐपतीला दिलेली शासनमान्यता होय.

दहावीनंतरची वाट तर अधिकच अरुंद आहे. उच्च माध्यमिक मंडळाच्या यादीत चित्रकला आहे, कलेचा इतिहास व रसग्रहणही आहे. मात्र यादीतला विषय म्हणजे महाविद्यालयातला वर्ग नव्हे. पुढे बारावीनंतर ललित कलेच्या पदवीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पन यांचे कौशल्य मागते. मधली दोन वर्षे ते कोठे मिळवायचे, याचे उत्तर पुन्हा खासगी वर्ग हेच. १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर ज. जी. कला शाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शिखर उंचावले, पायऱ्या मात्र तुटलेल्याच राहिल्या.

गरिबाच्या मुलाला आधी भाकरीचे शिक्षण द्या, कला ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असा युक्तिवाद कळवळ्याच्या स्वरात केला जातो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सुतारकाम व मूर्तिकाम करणाऱ्या घरातून आले आणि त्यांनी मराठी चित्रपटाला रूप दिले. वारली चित्रकलेला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे आदिवासी कष्टकरीच होते. सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये शांतिनिकेतनात शिकलेल्या देवीप्रसादांनी १९४४ पासून सुमारे अठरा वर्षे मुलांना कला शिकविली, ती सूतकताई आणि शेतीच्या शेजारी बसवून. श्रम करणाऱ्या हातांत कला आहेच. तिला घराबाहेर ठेवून दार लावून घेते ती शाळा. छपाई, वस्त्रोद्योग, कुंभारकाम, फर्निचर यांत रेखनाचे ज्ञान भाकरीही देते, हे वेगळेच. आणि ते दिले नाही तरी, जे दिसते ते नीट पाहण्याचा व स्वतःच्या मनाने मांडण्याचा अधिकार कष्टकऱ्याच्या मुलाला नाकारण्याचे कारण उरत नाही.

कला दहावीपर्यंत सर्वांना अनिवार्य असावी, असे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने म्हटले. कला आणि विज्ञान यांतील भिंत पाडण्याची भाषा २०२० च्या शैक्षणिक धोरणाने केली. घोषणांची उणीव नाही. उणीव आहे ती मंजूर पदांची आणि अंदाजपत्रकातील तरतुदीची.

वाढीव गुण तडकाफडकी काढून टाकावेत, असे मात्र कोणी म्हणू नये. अनेक शाळांत चित्रकलेचा तास आज त्या गुणांच्याच आधाराने तग धरून आहे. मागणी असावी ती पायाची: प्रत्येक माध्यमिक शाळेला पूर्णवेळ कलाशिक्षक, लहान शाळांसाठी केंद्रनिहाय सामाईक शिक्षक, पाठ्यपुस्तकांप्रमाणेच कागद व रंग मोफत, आणि प्रत्येक तालुक्यात निदान एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात कलाविषयांचा वर्ग.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात चित्रकला कोण शिकवतो आणि परीक्षेला कोणाची मुले बसतात, याची मोजदाद करावी. ती हाती घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत आणि जिल्हा परिषदेत जाब विचारावा. शिक्षणातील समतेचा प्रश्न गणित-इंग्रजीच्या तासाला संपत नाही. चित्रकलेच्या रिकाम्या तासिकेतही तो उभा आहे.