पत्ता आपला, नाव कुणाचं?

जळगावच्या एमआयडीसीतला डाळमिलवाला किंवा धुळ्याच्या अवधान वसाहतीतला कारखानदार दरमहा जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी घेतो आणि स्वतःच्या सर्व्हरवरून बिलं, दरपत्रकं पाठवू लागतो. मग इंदूरहून, सुरतेहून ग्राहकांचे फोन सुरू होतात : मेल आलाच नाही. दोष संगणकवाल्या पोराला दिला जातो. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. त्या आयपीची उलटी नोंद, म्हणजे रिव्हर्स डीएनएस, कुणी केलेलीच नसते.

डोमेनच्या नावावरून आयपी सापडतो ती सरळ नोंद. आयपीवरून नाव सापडतं ती पीटीआर नोंद. मेल स्वीकारणारा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी बघतो, त्याचं नाव विचारतो, मग त्या नावाचा आयपी विचारून दोन्ही जुळतात का ते पाहतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेल खात्यांना मेल पाठवणाऱ्या लहानमोठ्या सगळ्यांना ही जुळणी सक्तीची केली. नोंदच नसेल तर ५५० क्रमांकाचा नकार येतो आणि त्यात कारण स्पष्ट लिहिलेलं असतं. तो संदेश कुणीतरी वाचला पाहिजे, एवढंच.

अडचण अशी, की ही नोंद डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या पॅनेलवर होत नाही. तिथे पीटीआर भरून लोक आठवडा-आठवडा वाट पाहतात. आयपींचे गठ्ठे भारतात 'निक्सी'च्या 'आयआरआयएनएन' या नोंदणी विभागाकडून इंटरनेट कंपन्यांना मिळतात, आणि उलट्या नोंदीचा अधिकारही गठ्ठ्याबरोबर कंपनीकडेच जातो. २०३.०.११३.४५ या आयपीची नोंद आकडे उलटे करून ४५.११३.०.२०३ आणि पुढे 'इन-अ‍ॅडर.आर्पा' अशा नावाखाली राहते. ते पान कंपनीच्या हातात. जमीन कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या ताब्यात, तशातली ही गत.

म्हणून जबाबदारीही कंपनीचीच. तिच्या बाजूने हे एका ओळीचं काम आहे. तरी गिऱ्हाइकाला गावातल्या फ्रँचायझीकडून मुंबईच्या कॉल सेंटरकडे आणि तिथून परत गावाकडे फिरवलं जातं, हे संतापजनक आहे. स्टॅटिक आयपीचे पैसे घेता, तर अर्जातच 'उलट्या नोंदीसाठी नाव' हा रकाना ठेवा. आठ-सोळा आयपी घेणाऱ्याला तर त्याच्या नोंदी त्यानेच सांभाळाव्यात अशी सोपवण्याची रीत १९९८ पासून लिहून ठेवलेली आहे. कंपनीने आपणहून टाकलेलं, नुसत्या आकड्यांचं नाव चालवून घेऊ नये. अशा नावांकडे मेल सर्व्हर संशयानेच बघतात.

ज्यांचा मेल गूगल किंवा झोहोच्या सर्व्हरवरून जातो त्यांना यातलं काही करावं लागत नाही. बाकीच्यांनी आधी डोमेनच्या पॅनेलवर 'मेल' अशा नावाची सरळ नोंद आपल्या आयपीवर करावी आणि मगच तेच पूर्ण नाव कंपनीला लेखी कळवावं. मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी हव्यातच, पण ते आपल्या हातातलं आहे. कंपनीने 'झालं' म्हटलं की संगणकाच्या कमांड खिडकीत 'एनएसलुकअप' लिहून पुढे आयपी टाकावा. जे नाव येईल ते परत विचारावं. तोच आयपी आला नाही, तर जोडणीच्या कागदावर सही करू नये.