समितीतील रिकाम्या खुर्च्या

दिल्ली विधानसभेने ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी शाळांच्या शुल्कनियमनाचा कायदा संमत केला आणि त्यावरचा वाद अपेक्षित चालीनेच झाला. पालक संघटनांना तो अपुरा वाटला, शाळाचालकांना जाचक. मला खटकले ते निराळेच. शाळेच्या कारभारात समाजाचे चार डोळे असावेत म्हणून कायद्याने १९७३ मध्येच एक समिती घडवून ठेवली आहे, याची आठवण मी वाचलेल्या चर्चेत कोणी काढली नाही.

या प्रश्नावरील सर्वोच्च न्यायालयाचा प्रमुख निवाडा ज्या शाळेच्या नावाने ओळखला जातो, त्या मॉडर्न स्कूलचा इतिहास येथे उपयोगी पडतो. लाला रघुबीर सिंग यांनी १९२० मध्ये दर्यागंजात ही शाळा काढली. कमला बोस पहिल्या मुख्याध्यापिका. मुलांना मिशनऱ्यांच्या हाती सोपवायचे नाही, सरकारी शाळेच्या चाकोरीत घालायचे नाही आणि दूर डोंगरावरच्या निवासी शाळेतही धाडायचे नाही, अशा सुखवस्तू भारतीय कुटुंबांची ती गरज होती. पुढे शाळा बाराखंबा रस्त्यावर गेली. तिला वसतिगृह आहे, पण तिचा पिंड दिवसशाळेचा. नवी दिल्लीचे ठेकेदार सर शोभा सिंग यांचे पुत्र खुशवंत सिंग हे तिचे अगदी आरंभीचे विद्यार्थी, यावरून त्या वर्तुळाची कल्पना यावी. पैसा संस्थापकाचा, विश्वस्त त्याच्या परिचयातले आणि पालकही त्याच शहरातले, त्याच समारंभांत भेटणारे. अशा व्यवस्थेत हिशेब कोणी छापत नसे; तोंडओळख हीच जबाबदारीची हमी होती. ती पुरेशी होती असे मी म्हणणार नाही, पण तिला काही अर्थ होता.

फाळणीनंतरच्या दिल्लीत तो अर्थ उरला नाही. शहर कित्येक पटींनी वाढले. नोंदणीकृत संस्थांना शाळांसाठी सवलतीच्या दराने सरकारी जमिनी मिळाल्या आणि अनेक जमिनींच्या वाटपपत्रांत, शिक्षण संचालनालयाच्या पूर्वपरवानगीविना शुल्क वाढवू नये, अशी अट आली. जमीन लोकांची, पैसा पालकांचा आणि निर्णय मात्र संस्थेच्या चार-सहा सदस्यांचा, ही विसंगती तेथून सुरू होते. १९७३ चा दिल्ली शालेय शिक्षण कायदा त्या विसंगतीला दिलेले उत्तर होते, आणि माझ्या मते पुष्कळ शहाणे उत्तर होते. विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळेच्या व्यवस्थापन समितीत मुख्याध्यापक, दोन शिक्षक, पालक-शिक्षक संघातून आलेला एक पालक, बाहेरच्या शाळा-महाविद्यालयांतले दोन आजी-माजी अध्यापक आणि संचालकांनी नेमलेले दोघे (एक शिक्षणतज्ज्ञ, एक अधिकारी) असावेत. उरलेल्या जागा तेवढ्या संस्थेने भराव्यात, असे नियम सांगतात. शिवाय प्रत्येक शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी शुल्काचे पूर्ण विवरणपत्र संचालकांकडे दाखल करायचे आणि शुल्कातून आधी वेतन भागवायचे.

या खुर्चीवर मी स्वतः बसलो आहे. सेवेतील काही वर्षे शिक्षण खात्यात गेली, तेव्हा एका शाळेच्या समितीवर मी संचालकांचा प्रतिनिधी होतो. कार्यक्रमपत्रिका बैठकीच्या दिवशी, चहाबरोबर हाती पडे. ताळेबंदाची प्रत वाचायला मिळे आणि निघताना परत घेतली जाई. ‘संस्थेचा प्रशासकीय खर्च’ अशी एक ठोक रक्कम दरवर्षी असे. एकदा मी तिचा तपशील विचारला. अध्यक्षांनी सौजन्याने ‘पुढच्या बैठकीत’ असे सांगितले. पुढच्या बैठकीला मी दौऱ्यावर होतो. त्यानंतरच्या बैठकीत विषयच नव्हता, आणि मीही तो काढला नाही. पालक प्रतिनिधी असलेल्या बाई बँकेत नोकरीला होत्या, आकडे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळत. पण त्यांचा मुलगा त्याच शाळेत सातवीत होता. त्या गप्प राहत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझे तर तिथे कोणीच शिकत नव्हते.

आतली समिती अशी मुकी राहिल्यावर भांडण बाहेर, न्यायालयात जाणारच. पाचव्या वेतन आयोगानंतर शुल्कवाढ झाली, पालकांचा महासंघ उच्च न्यायालयात गेला, १९९८ च्या निकालाने न्या. संतोष दुग्गल समिती आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचून २००४ मध्ये मॉडर्न स्कूल खटल्याचा निवाडा झाला. न्या. कपाडिया यांच्या बहुमताच्या निकालपत्राने शाळांची स्वायत्तता मान्य केली, वाजवी शिल्लकही मान्य केली; मात्र नफेखोरी रोखण्यासाठी शुल्काचे नियमन करण्याचा संचालकांचा अधिकार उचलून धरला आणि शाळेचा निधी मातृसंस्थेकडे वळवण्यास मनाई केली. विकास शुल्क वार्षिक शिक्षण शुल्काच्या १५ टक्क्यांपर्यंत घेता येईल, पण घसारा राखीव निधी ठेवला असेल तरच, ही अट हिशेब जाणणाऱ्या माणसाच्या हातची वाटते. न्या. सिन्हा यांनी भिन्नमत नोंदवले. पुढे २००९ मध्ये पुनर्विचाराच्या टप्प्यावर, त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेकडे निधी देण्याची मुभा मिळाली. मनाईच्या भिंतीला तेथे एक खिडकी पडली, असे मला तेव्हाही वाटले होते.

सहाव्या वेतन आयोगानंतर हाच फेरा पुन्हा. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने न्या. अनिल देव सिंग समिती नेमली आणि अनेक शाळांना जादा शुल्क ९ टक्के व्याजासह परत करावे लागेल असे निष्कर्ष निघाले. दोन्ही वेळा निवृत्त न्यायमूर्तींनी वर्षांमागून वर्षे जे हिशेब उलगडले, ते त्या-त्या वर्षी शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे यायलाच हवे होते. तिथे संचालकांचे दोघे होते. ते काय करत होते, हा प्रश्न विचारला गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

नव्या कायद्याने आता शाळेच्या पातळीवर निराळी शुल्क समिती आणली आहे. तिच्यात ५ पालक सोडतीने निवडले जातील, शुल्क ३ वर्षांसाठी ठरेल आणि जिल्हा समितीकडे दाद मागण्यासाठी किमान १५ टक्के पालक एकत्र यावे लागतील. महाराष्ट्रातील वाचकांना हे ओळखीचे वाटेल. तेथील २०११ च्या कायद्यातही पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडतीनेच निवडतात आणि तक्रारीसाठी दुरुस्तीनंतर २५ टक्के पालकांची अट आहे. सोडतीमुळे व्यवस्थापनाच्या मर्जीतले पालक बसवणे अवघड होते, हे खरे. पण चिठ्ठीतून निघालेला पालक कोणाचाच प्रतिनिधी नसतो. त्याच्या मागे कोणी उभे नसते आणि त्याचे मूल त्याच वर्गात बसते. शिवाय ही समिती फक्त शुल्कापुरती. जमीन, भाड्याने दिलेली सभागृहे, मातृसंस्थेशी होणारे व्यवहार, शिक्षकांना प्रत्यक्ष हाती पडणारा पगार, हे सारे जुन्या व्यवस्थापन समितीकडेच राहील, आणि ती तशीच राहील.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. लेखापरीक्षित ताळेबंद आणि शुल्काचे विवरणपत्र सत्राआधी शाळेच्या सूचनाफलकावर व संकेतस्थळावर लागावे. व्यवस्थापन समितीवरचा पालक गुप्त मतदानाने निवडला जावा, आणि एकाऐवजी तिघे असावेत. एकटा माणूस बोलत नाही, हे मी पाहिले आहे. संचालकांच्या दोन्ही प्रतिनिधींनी प्रत्येक बैठकीनंतर पानभर टिपण सादर करावे आणि ते मागेल त्याला मिळावे. शेवटच्या मागणीसाठी तर कायदादुरुस्तीचीही गरज नाही, संचालकांचे एक परिपत्रक पुरेल. त्याच परिपत्रकात या प्रतिनिधींची गेल्या १० वर्षांतील हजेरीही मागवावी. माझ्या काळात ९ बैठका झाल्या. मी ४ बैठकांना गेलो आणि इतिवृत्तावर सही मात्र नऊही वेळा केली.