उत्सव पुन्हा टेकडीवर यायला हवा

कॅनडाचा राष्ट्रीय दिन १ जुलैला असतो. त्या दिवशी ओटावातली लाल-पांढऱ्या कपड्यांतली गर्दी वर्षानुवर्षे पार्लमेंट हिल या संसदेच्या टेकडीकडे चालत जायची. २०२२ पासून मुख्य सोहळा लब्रेटन फ्लॅट्स या मैदानात होऊ लागला. कारण पटण्यासारखे आहे. संसदेची मुख्य इमारत, सेंटर ब्लॉक, दुरुस्तीसाठी रिकामी झाली आहे, तिच्यासमोर प्रचंड खोदकाम चालले आहे आणि ते लवकर आटोपणारे नाही. तोवर ही तात्पुरती सोयच अंगवळणी पडेल, ही भीती मात्र खरी आहे. तसे होता कामा नये.

या टेकडीचा ओटावा नदीवरचा उंच कडा अल्गॉन्किन अनिशिनाबे लोकांच्या भूमीत येतो. ती भूमी त्यांनी कोणत्याही कराराने देऊन टाकलेली नाही. १८२६ मध्ये रिडो कालव्याचे काम सुरू झाले, तेव्हा ब्रिटिश लष्कराने कड्यावर बराकी बांधल्या. १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ओटावाची राजधानी म्हणून निवड केली आणि दोन वर्षांनी तिथे संसदेचे बांधकाम सुरू झाले. म्हणजे देश १८६७ मध्ये जन्मला, पण त्याची संसद आधीच तयार होती!

३ फेब्रुवारी १९१६ च्या रात्री ती जळाली. सात माणसे दगावली. ग्रंथालय तेवढे वाचले, कारण त्याची लोखंडी दारे वेळीच लोटली गेली. नव्या इमारतीवर पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ ‘पीस टॉवर’ उभा राहिला. त्यातल्या ५३ घंटांचे वादन १ जुलै १९२७ रोजी रेडिओवरून देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ऐकले गेले. विखुरलेल्या देशाने एकाच क्षणी एकच आवाज ऐकण्याचा तो पहिला मोठा प्रसंग. दुरुस्तीमुळे २०२२ पासून त्या घंटाही थांबल्या आहेत.

मेपल पानाचा झेंडा १५ फेब्रुवारी १९६५ रोजी इथेच पहिल्यांदा फडकला. १७ एप्रिल १९८२ रोजी एलिझाबेथ राणीने नव्या राज्यघटनेच्या घोषणापत्रावर इथेच भर पावसात सही केली. कागदावरचे पावसाच्या थेंबांचे डाग आजही जपून ठेवलेले आहेत.

पण या आवाराचे मोल केवळ सोहळ्यांमुळे नाही. २०१३ च्या मार्चमध्ये क्री जमातीची काही तरुण मुले उत्तर क्वेबेकमधून बर्फातून सुमारे १६०० किलोमीटर चालत इथे पोहोचली, आणि वाटेत त्यांना शेकडो लोक येऊन मिळाले. २०२१ मध्ये मूलनिवासी मुलांच्या जुन्या निवासी शाळांच्या आवारातल्या कबरींच्या बातम्या आल्या, तेव्हा लोकांनी इथल्या शताब्दी ज्योतीभोवती लहान मुलांचे जोडे आणून ठेवले. त्या १ जुलैला त्या मुलांच्या आठवणीत नारिंगी सदरे घातलेले हजारो लोक याच हिरवळीवर जमले. ज्या जागी देश स्वतःचा गौरव करतो, त्याच जागी त्याला जाबही विचारला गेला. ही गोष्ट दुसऱ्या मैदानात घडू शकत नाही.

सुरक्षेचा मुद्दा हलका नाही. २०१४ मध्ये एक बंदूकधारी थेट सेंटर ब्लॉकमध्ये घुसला होता. २०२२ मध्ये ट्रकचालकांनी संसदेसमोरचा वेलिंग्टन रस्ता तीन आठवडे अडवला आणि आसपासच्या रहिवाशांची झोप उडवली. वाहनांना आवर घालायलाच हवा. माणसांना मात्र दूर लोटू नये.

दिल्लीतल्या बोट क्लबच्या हिरवळीचे काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८९ मध्ये शेतकरी नेते शरद जोशी आणि महेंद्रसिंह टिकैत यांच्यामागे शेतकरी जिथे लोटले, तिथे नव्वदच्या दशकात सभांना बंदी आली. मोर्चे जंतरमंतरकडे वळले, ते पुन्हा त्या हिरवळीवर आलेच नाहीत.

म्हणून ओटावाने आत्ताच शब्द द्यावा: दुरुस्ती संपेल त्या वर्षीचा १ जुलै टेकडीवर साजरा होईल. लब्रेटन फ्लॅट्सवर सोहळा कायमचा नेण्यात आणखी एक अडचण आहे. १९६२ मध्ये सरकारने ती सगळी वस्ती ताब्यात घेतली, कामगार कुटुंबांना उठवले आणि जमीन पुढे कित्येक दशके ओसाड पडू दिली. तिथे आधी घरे उभी राहायला हवीत.