उसाचा दर आणि राष्ट्राचे सार्वभौमत्व

जागतिकीकरणाच्या युगात राष्ट्र-राज्ये कालबाह्य झाली, असा एक समज विद्वानांच्या वर्तुळात रूढ आहे. तो किती खरा, हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको; नीरा डाव्या कालव्याचा काठ पुरेसा आहे. १८८५ साली सुरू झालेल्या या कालव्याने बारामती-इंदापूरचे रूप पालटले. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने याच परिसरात वाढले.

येथील उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ साली दुरुस्ती होऊन रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, लागू झाला. हे पैसे सरकारी तिजोरीतून जात नाहीत, ते कारखाना देतो. तरीही २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये पंचमंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. कारखान्याने दिलेला दरही सरकारी साहाय्यच ठरला आणि २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत ते उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेल्याचा ठपका बसला. निर्यात अनुदानेही नियमबाह्य ठरली.

जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. परंतु अमेरिकेने नेमणुका रोखल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते. मुक्त व्यापाराचे धडे जगाला देणाऱ्या देशानेच न्यायासन रिकामे ठेवले! राष्ट्र-राज्य संपलेले नाही, ते बलवानांच्या हाती अधिकच प्रबळ झाले आहे, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

भारताची सत्ताही लोपलेली नाही. देशातील भाव आवाक्यात राहावेत म्हणून जून २०२२ पासून साखर निर्यातीवर निर्बंध आले. त्यासाठी कोणत्याही परकीय दरबाराची अनुमती लागली नाही. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी आली आणि आठवडाभरात ती शिथिलही झाली. सरकारच्याच प्रोत्साहनावर विसंबून कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्या कारखान्यांनी कोणत्या धोरणावर विश्वास ठेवावा? हा दोष परक्यांच्या माथी मारता येणार नाही.

वाटाघाटींत शेतकऱ्याचा दर ठामपणे राखणे हे सार्वभौमत्वाचे एक अंग. त्याच शेतकऱ्याला दिलेला शब्द हंगामभर पाळणे हे दुसरे. पहिल्यासाठी जगाशी झुंजावे लागते. दुसरे सर्वस्वी आपल्या हाती आहे.