मखराविना गणपती

गेल्या वर्षी चतुर्थीला आम्ही घरी मखर केले नाही. जुना पाट, दोन समया, दूर्वा-जास्वंद आणि दारात रांगोळी, एवढेच. पाहुण्यांनी "आरास कुठे?" असे विचारलेच! आमचा मुलगा तर मित्रांना घरी बोलवेना. त्याचे मात्र आम्हाला वाईट वाटले.

तरीही आम्हाला हेच योग्य वाटते. थर्माकोल कुजत नाही. आधीच पावसाळ्यात बळ्ळारी नाला तुंबून अनगोळ, वडगावच्या शिवारातील भात पाण्याखाली जाते; त्यात आपल्या मखरांची भर कशाला? महाराष्ट्राने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. कागदी, कापडी मखरे बरी, पण शेजाऱ्याशी चढाओढ तीच आणि आईचे जागरणही तेच.

लोकमान्यांनी १९०५ साली बेळगावात झेंडा चौकात गणपती बसवला तो माणसे एकत्र यावीत म्हणून. आरास नाही म्हणून मुले मित्रांना टाळू लागली, तर काय म्हणावे? विश्वस्तांना विनंती, शाळेची घरगुती आरास स्पर्धा यंदा बंद करावी. त्याऐवजी आरत्यांच्या पाठांतराची ठेवावी. त्याला पैसे लागत नाहीत.

यंदा पाट मुलानेच घासून ठेवला आहे. मित्रांना बोलावणार का, ते अजून सांगत नाही.