शुभच बोलू, पण लिहूनही ठेवू

तेरावं होतं, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग एके दुपारी कपाटातला कागदपत्रांचा डबा उघडला जातो. त्यात दोन पासबुकं, एफडीच्या पावत्या, घराचा उतारा. विमा लग्नाआधी उतरवलेला, म्हणून नॉमिनी सासूबाई. आणखी एक खातं होतं म्हणे, पण कुठल्या बँकेत ते कुणालाच ठाऊक नाही. "हे सगळं हेच बघायचे हो, मला काही माहीत नाही," असं डोळे पुसत सांगणारी वहिनी किंवा काकू आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिली आहे.

हा विषय जिवंतपणी काढायचा म्हटलं, की 'शुभ बोल रे नाऱ्या' सुरू होतं. बायकोने विचारलं तर 'माझ्या मरणावर टपलीस का?' आणि मुलाने विचारलं तर 'आत्तापासून वाटण्या हव्यात?' मैत्रिणींनो, विमा काढला म्हणून कुणी मरत नाही. मृत्युपत्राचंही तसंच आहे. ते मागे राहणाऱ्यांच्या सोयीसाठी असतं.

'नवऱ्याच्या मागे सगळं बायकोचंच' हा आपला पहिला गैरसमज. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानुसार पतीने मृत्युपत्र केलं नसेल, तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई या सर्वांचा सारखा वाटा असतो. त्यातलं एखादं मूल अज्ञान असेल, तर त्याच्या वाट्याचं घर किंवा जमीन विकायला आईलाही न्यायालयाची परवानगी लागते. शिक्षणासाठी पैसा हवा असतो आणि घर डोळ्यांसमोर असूनही विकता येत नाही.

दुसरा गैरसमज, 'नॉमिनी लावलाय ना, मग झालं!' बँकेतल्या पैशांचा नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस. मालकी वारसांची. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात मात्र २०१५ च्या कायद्याने जवळच्या नात्यातल्या नॉमिनीचा हक्क बळकट केला. म्हणून लग्नाआधीच्या पॉलिसीवर कुणाचं नाव आहे, ते आजच बघा.

आता आपल्या स्वतःबद्दल. 'माझ्याकडे आहे काय मृत्युपत्र करण्यासारखं?' असं आपण सहज म्हणतो. दागिने, पोस्टातली ठेव, पगारातून घेतलेला फ्लॅट, भविष्यनिर्वाह निधी, हे सगळं आपलंच असतं. एका बाईचं लग्न १९५५ मध्ये झालं. तीन महिन्यांत पती वारला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पै पै साठवली. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. माहेरच्यांनी दावा लावला, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सासरच्यांच्या बाजूने लागला. कारण मूलबाळ आणि पती नसलेल्या हिंदू स्त्रीच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर कायद्याने आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो, तिच्या आईवडिलांचा त्यानंतर. ज्यांनी तिला दारात उभं केलं नाही, त्यांनाच तिची कमाई मिळाली. एका कागदाने हे टळलं असतं.

हा कागद करणं अवघडही नाही. वय १८ पूर्ण आणि मन ठिकाणावर असलं की झालं. साधा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही. काय कुणाला द्यायचं ते स्पष्ट लिहायचं, तारीख घालून सही करायची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. ज्यांना मिळकत मिळणार, त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करून घेतली तर पुढे वाद कमी होतात. वय झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं; शेवटचं तेच खरं. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र फक्त आपल्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. मुस्लिम भगिनींना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. शेतजमीन किंवा भावकीचा वाद असेल, तर वकिलाचा सल्ला घ्यावाच.

सुरुवात मात्र एका वहीपासून करू या. रविवारी जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून बसायचं. खाती, पॉलिसी, कर्ज, कुणाला दिलेले हातउसने पैसे, लॉकरची किल्ली, सगळं लिहायचं. 'ह्यांना' राग आला तर आधी आपलं मृत्युपत्र पुढे ठेवावं. मग रागवायला जागा उरत नाही. आणि ती वही कुठे ठेवली आहे, ते घरातल्या आणखी एकाला तरी नक्की सांगून ठेवा.