ऑपरेशन्स मॅनेजमेंट : पेढीच्या जवळचा विषय

बारावीचे निकाल लागले की व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न दरवर्षी निघतो. मुलाने किंवा मुलीने बी.कॉम. करावे की बीबीए? २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बीबीए अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि महाराष्ट्रात त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षाही सुरू झाली. प्रवेश मिळाल्यावर मात्र घरातील चर्चा फायनान्स आणि मार्केटिंग या दोनच शब्दांभोवती फिरते. ‘ऑपरेशन्स मॅनेजमेंट’ हा कारखान्यांचा विषय, दुकानदाराच्या मुलांना त्याचा काय उपयोग, असे समजून तो परीक्षेपुरता वाचला जातो. वस्तुतः पेढी सांभाळणाऱ्या घराला याहून जवळचा विषय अभ्यासक्रमात क्वचितच असेल. माल कधी मागवावा, किती मागवावा, तो कोठे अडतो आणि अडलेल्या दिवसांची किंमत कोण भरतो, हेच त्याचे मूळ प्रश्न आहेत.

पुण्यात कात्रज-धनकवडी परिसरातील भारती विद्यापीठात किंवा आसपासच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयाची दोन उदाहरणे घराबाहेर पडताच भेटतात. पहिले उदाहरण कात्रज डेअरीचे, म्हणजेच १९६० साली स्थापन झालेल्या पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचे. दूध विलंब सहन करीत नाही. गावोगावी संकलन होते, फॅट तपासली जाते, दूध थंड करून टँकरने येते. पाश्चरीकरणाच्या प्रचलित पद्धतीत ते ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद तापवून लगेच ४ अंशांच्या आसपास थंड करतात. मग पिशव्या भरल्या जातात आणि पहाटे घरोघरी पोचतात. या साखळीत एक टप्पा तासभर थांबला तर मागचे सारे दूध तुंबते. आवक वाढली की जास्तीच्या दुधाचे तूप, लोणी, भुकटी करावी लागते. दुधाच्या धंद्यात वेळ हाच खर्च असतो आणि तो डोळ्यांना दिसतो.

कापड, भांडी वा हार्डवेअरच्या दुकानात हा खर्च दिसत नाही, एवढाच फरक. फडताळावर पडून असलेला माल आंबत नाही, त्याला वास येत नाही. पण समजा, दहा लाखांचा माल वर्षभर हलला नाही आणि कॅश क्रेडिटचा व्याजदर दहा टक्के असला, तर एक लाख रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे २७४ रुपये, त्या फडताळावर खर्च झाले. स्टॉक स्टेटमेंट तपासताना जुना, न खपणारा माल बँक उचल-मर्यादेतून वगळते, त्यामागे हेच कारण आहे. मालकाच्या मनात मात्र त्या मालाची किंमत खरेदीच्या दिवसाइतकीच राहते.

दुसरे उदाहरण कात्रजच्या तलावाचे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, या तलावाचे पाणी भूमिगत नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत नेले गेले. पंप नव्हते, केवळ उतारावर पाणी वाहत असे. गाळ बसावा आणि सफाई करता यावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधलेले होते. अशा नळाचा नियम साधा आहे. सर्वांत अरुंद जागेतून जेवढे पाणी जाईल, तेवढेच पुढे पोचेल. इतरत्र नळ कितीही रुंद केला तरी हौद लवकर भरत नाही.

हा नियम दिवाळीच्या गर्दीतील दुकानालाही लागू पडतो. चार विक्रेते मिळून तासाला चाळीस गिऱ्हाइके हाताळतात, पण बिलाच्या गल्ल्यावर तासाला पंचवीसच बिले होतात, असे समजा. मालक आणखी एक विक्रेता नेमतो. पगार वाढतो, गल्ल्यापुढची रांग वाढते, बिले पंचवीसच राहतात. हाच खर्च दुसऱ्या गल्ल्यावर केला असता तर विक्री वाढली असती. अडचण नेमकी कोठे आहे हे आधी मोजावे आणि मग पैसा लावावा, हा धडा पुस्तकात एका प्रकरणाचा असतो. दुकानात तो वर्षानुवर्षांच्या नफ्याचा असतो.

या विषयातील सर्वांत उपयोगी हिशेब अमेरिकन अभियंता फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडला. एका आकाराचे स्टीलचे डबे वर्षाला १,२०० खपतात, एका डब्याची खरेदी २५० रुपये, प्रत्येक ऑर्डरमागे वाहतूक व हमालीसह ५०० रुपये खर्च, आणि एक डबा वर्षभर ठेवण्याचा खर्च व्याज, भाडे, विमा मिळून ३० रुपये, असे धरू. हॅरिस यांच्या सूत्राने एका वेळी २०० डबे मागवणे सर्वांत किफायतशीर ठरते. वर्षात सहा ऑर्डरींचे ३,००० रुपये आणि सरासरी शंभर डबे बाळगण्याचे ३,००० रुपये, असा एकूण खर्च ६,००० होतो. वर्षाचा सगळा माल एकदम उचलला, तर एका ऑर्डरीचे ५०० आणि सरासरी सहाशे डब्यांचे १८,००० मिळून १८,५०० रुपये होतात. फरक १२,५०० रुपयांचा. वर्षाच्या तीन लाखांच्या खरेदीवर तो सव्वाचार टक्क्यांच्या जवळपास जातो. तेव्हा ‘एकदम उचला, तीन टक्के सूट देतो’ असे म्हणणाऱ्या पुरवठादाराचे ऐकले, तर फायदा त्याचाच होतो.

वडीलधाऱ्यांचा यावर आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. सूत्र मागणी वर्षभर सारखी धरते. लग्नसराई, दिवाळी, भाववाढीची कुणकुण, जुन्या पुरवठादाराचा शब्द, उधारीची मुदत हे सूत्राला ठाऊक नसते. ते गादीवर तीस वर्षे बसलेल्या माणसाला ठाऊक असते. परंतु एक माल ठेवण्याचा खर्च किती, हा आकडा त्याच माणसाने बहुधा कधी कागदावर मांडलेला नसतो. दोन्ही ज्ञाने एका टेबलावर आली तरच निर्णय सुधारतो.

यासाठी करण्याजोगी गोष्ट सोपी आहे. बीबीएच्या विद्यार्थ्याला प्रकल्प लिहावा लागतोच. तो मागील वर्षीच्या विद्यार्थ्याच्या फायलीवरून उतरवण्याऐवजी घरच्या पेढीवर करावा. जास्त खपाच्या वीस वस्तू आणि सहा महिने न हललेल्या वीस वस्तू निवडाव्यात. खप, खरेदी आणि शिल्लक यांची नोंद करावी. वडिलांनी किंवा काकांनी त्यासाठी वह्या मोकळ्या मनाने उघडाव्यात. आकड्यांतून ‘हा माल घेणे चुकले’ असे निघाले, तर तो उद्धटपणा समजू नये. आणि मुलांनीही ते चारचौघांत न सांगता घरात बसून सांगावे.

अनेक घरांत शिकलेली मुले पेढीवर येतात, वर्षभर बसतात आणि नोकरी धरतात. पैसा कमी मिळतो ही तक्रार त्यांच्यापैकी थोड्यांचीच असते. आपण शिकलेले येथे कोणी विचारत नाही, हे दुःख मोठे असते. तिसऱ्या वर्षाचा एक प्रामाणिक प्रकल्प घरात वाचला गेला आणि त्यातील एखादी सूचना दिवाळीपूर्वी अमलात आली, तर ती मुले पेढीवर टिकण्याचा संभव निश्चित वाढेल.